बळवंतरावांच्या कॉफीचा निकाल

“मॅडम, एवढंच म्हणा की दिवसाला एक कप चालतो. दोन म्हणू नका, त्यात लोभ दिसतो. एकच म्हणा.”

जयसिंगपूरच्या स्टँडवर एसटीतून उतरून मी अजून ओढणीसुद्धा सारखी केली नव्हती. समोर पांढरा शर्ट, पांढरी पँट आणि पांढरी टोपी घातलेले एक सत्तरीचे गृहस्थ उभे होते, आणि नमस्काराच्या आधी त्यांनी ही मागणी माझ्यापुढे ठेवली होती.

“आपण कोण?”

“बळवंत चौगुले. ज्येष्ठ नागरिक संघाचा सहचिटणीस. साखर कारखान्यात टाइमकीपर होतो. तुम्हाला न्यायला आलोय.” मग इकडंतिकडं बघून त्यांनी आवाज खाली आणला. “आणि पेशंट पण मीच.”

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. सांगलीच्या एका दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून नुकतीच लागले होते. लोकांना जे आवडतं ते त्यांनी खाऊ नये, असं गोड आवाजात सांगायचं, हे माझं काम. लोक मान डोलवायचे आणि बाहेर पडून समोरच्या गाड्यावर भजी खायचे. त्यामुळे ‘कॉफी : फायदे आणि तोटे’ या विषयावर रविवारी सकाळी व्याख्यान द्यायला याल का, असा संघाचा फोन आला तेव्हा मी हरखून गेले. आपलं बोलणं पन्नास-साठ माणसं गप्प बसून ऐकणार, या कल्पनेनंच मला आठवडाभर झोप नव्हती. भाषणाचे मुद्दे मी कार्डांवर लिहून काढले होते आणि आरशासमोर उभं राहून हातवाऱ्यांसकट पाठ केले होते.

एकच गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. मी जन्मात कॉफी प्यायले नव्हते. आमच्या घरी चहा. पाहुणा आला की चहा, पाहुणा गेला की चहा, परीक्षेला चहा आणि डोकं दुखलं तरी चहाच. यकृतापासून हाडांपर्यंत कॉफी शरीरात काय काय करते ते मला तोंडपाठ होतं. ती तोंडात काय करते, हे मात्र ठाऊक नव्हतं.

“आधी कॉफी घेऊया,” म्हणून बळवंतरावांनी मला स्टँडसमोरच्या हॉटेलात नेलं.

“नको, खरंच नको,” मी म्हणाले.

“कॉफीवर बोलायला आलासा आणि कॉफी नको? लोक काय म्हणतील?”

मलाही तीच भीती होती. मी बसले. त्यांनी एकच कप मागवला, माझ्यापुढे सरकवला आणि स्वतः हात बांधून समोर बसले.

“तुम्ही नाही घेत?”

“तेच तर सांगायचंय. मागच्या वर्षी हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली. डॉक्टर म्हणाले, सगळं चालेल, फक्त जपून. आमच्या शालननं त्यातलं ‘जपून’ तेवढं ऐकलं आणि घरी येऊन कॉफीचा डबाच शेजाऱ्यांना देऊन टाकला. तेव्हापासून माझी कॉफी बंद.”

“मग बाहेर कधी…?”

“चोरून? छ्या!” त्यांना खरंच राग आला. “शब्द दिलाय तिला. चोरून प्यायलेली कॉफी घशाखाली उतरंल काय? मला उघड पाहिजे. मागच्या महिन्यात संघात आमचं सगळ्यांसमोर भांडण झालं. तेव्हा आमच्या अध्यक्षांनी तोडगा काढला. म्हणाले, जाणकार माणूस बोलवू, आणि तो स्टेजवरनं जे सांगंल ते नवरा-बायको दोघांनी मानायचं. शालन सगळ्यांसमोर हो म्हणाली. म्हणजे बघा, तुम्ही आमचं हायकोर्ट.”

मी घाबरून कप उचलला आणि घोट घेतला. आधी कडू लागलं, मग गोड, मग काहीतरी तिसरंच, ज्याला आमच्या चहाच्या घरात नावच नव्हतं. मी दुसरा घोट घेतला. कप कधी संपला ते कळलंसुद्धा नाही. मला कॉफी आवडली होती, आणि पुढची सगळी पंचाईत इथंच सुरू झाली.

संघाच्या हॉलचं नाव ‘विरंगुळा’. दारातच अध्यक्ष कुंभोजे सर उभे होते. ते निवृत्त मुख्याध्यापक, आणि निवृत्तीचा त्यांच्या आवाजावर काहीही परिणाम झालेला नव्हता. त्यांच्या टेबलावर स्टीलचा फिल्टर तयार होता.

“आमच्या सौभाग्यवतींचं माहेर हुबळीचं. ही घ्यायचीच.”

“सर, मी आत्ताच घेतली.”

“बळवंतानं पाजली ना? ती धरायची नाही. ती लाच झाली. ही वक्त्याचा मान म्हणून.”

मानाची कॉफी मी प्यायले. ती पहिल्यापेक्षा सरस होती. कप खाली ठेवते तोच डॉक्टर उपाध्ये आले. गावात चाळीस वर्षं प्रॅक्टिस करून आता संघात सगळ्यांचं ब्लड प्रेशर फुकट बघणारे, वाळक्या अंगाचे आणि मिश्किल डोळ्यांचे. त्यांच्या हातात फ्लास्क होता.

“दुधासाखरेची ती काय कॉफी? खीर ती. मॅडम, ही घ्या. काळी, बिनसाखरेची. अस्सल औषध.”

“डॉक्टर, मला आता…”

“माझ्यासाठी अर्धा कप. अर्ध्या कपाला नाही म्हणायचं नसतं.”

आमच्याकडची आग्रहाची रीत ज्यांनी सोसली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. अर्धा म्हणून सुरू झालेला कप काठोकाठ भरूनच थांबतो, आणि वर “एवढ्यानं काय होतंय” हेही ऐकावं लागतं. मी तोही संपवला. मला एकदम फार छान वाटू लागलं. हॉलमधला पंखा, सतरंज्या, भिंतीवरचं ‘हसा आणि निरोगी राहा’, सगळं मला प्रेमळ दिसायला लागलं. सगळ्या म्हाताऱ्यांचे गालगुच्चे घ्यावेत असं वाटत होतं.

तेवढ्यात कुणीतरी माझं मनगट धरून मला खुर्च्या ठेवायच्या खोलीत ओढलं. ठेंगणी, सावळी, पदर घट्ट खोचलेली बाई होती. “मी शालन,” ती म्हणाली. “चौगुल्यांची.”

“नमस्कार काकू.”

“पोरी, तू नको म्हण.”

“काकू, मला खरं असेल तेच सांगावं लागेल.”

“खरं तेच सांग की. पण खरं सांगताना नको म्हण.”

मला हसू फुटलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी माझं मनगट अजून सोडलं नव्हतं.

“काकांच्या तब्येतीची तुम्हाला काळजी वाटते ना? मी समजू शकते.”

“काळजी तर हायच,” त्या म्हणाल्या आणि भिंतीला लावलेल्या खुर्च्यांकडं बघायला लागल्या. “पण तू नको म्हण. माझं सगळं त्याच्यावर हाय.”

काय सगळं, ते मी विचारणार होते. पण दारात त्यांच्या बाजूच्या दोन बायका थर्मास घेऊन हजर झाल्या. “शालन, आम्ही तुझ्याच बाजूनं हाय,” त्यातली एक म्हणाली, “पण पाहुणीला आपल्या हातची कॉफी न देता स्टेजवर कसं चढवायचं? बाप्या माणसांनी पाजली, आपण काय मेलोय?” माझ्या हातात चौथा कप आला. तो मी पिऊन टाकला, कारण नाही म्हणण्यापेक्षा पिणं लवकर होत होतं. आणि खरं सांगायचं तर मला ती हवीच होती.

कुंभोजे सरांनी माझी ओळख करून दिली, शाल आली, नारळ आला. मी माइकसमोर उभी राहिले आणि माझ्या लक्षात आलं की माझं हृदय माझ्या आधीच बोलायला लागलं आहे. छातीत ढोल वाजत होता. बोटं थरथरत होती. कार्डं हातात धरली तर ती पंख्याशिवाय हलायला लागली. मी ती टेबलावर ठेवून दिली आणि सुटले.

सुटले म्हणजे सुटलेच. चाळीस मिनिटांचं भाषण मी कुठल्या वेगानं म्हटलं ते त्या हॉललाच माहीत. कॉफीनं तरतरी येते, यकृताला ती मानवते असं दिसतं, बेताची कॉफी पिणाऱ्यांना मधुमेह कमी होतो असं पुष्कळ अभ्यास म्हणतात, कंपवातापासूनही काही संरक्षण मिळत असावं. पहिल्या रांगेत बळवंतराव एकेक फायदा बोटावर मोजत होते आणि बोटं संपली की पुन्हा अंगठ्यापासून सुरू करत होते. मी दम न घेता तोट्यांवर आले. झोप उडते, पित्त खवळतं, रक्तदाब वर जातो, जेवणाबरोबर घेतली तर अन्नातलं लोह अंगी लागत नाही, गरोदर बाईनं जपून. आता शालनकाकूंची रांग माना डोलवायला लागली. मागं एक आजोबा कानातल्या यंत्राचं बटण फिरवून शेजाऱ्याला म्हणाले, “माझं मशीन बिघडलं की बाई बिघडली?”

“मॅडम,” कुंभोजे सर म्हणाले, “जरा सावकाश. इथं कुणाला गाडी गाठायची नाही.”

“होसर सावकाशचबोलतेय!” मी म्हणाले आणि पाण्याचा ग्लास उचलला. हात इतका थरथरत होता की ग्लास माइकवर आपटत राहिला. टुण टुण टुण असा आवाज सगळ्या हॉलभर गेला. मला हसू यायला लागलं. ते थांबवायला गेले तर जास्तच आलं. एक जबाबदार आहारतज्ज्ञ स्टेजवर खुदुखुदू हसत उभी होती आणि साठ म्हातारी माणसं तिच्याकडं काळजीनं बघत होती.

डॉक्टर उपाध्ये उठले, सावकाश स्टेजवर चढले आणि त्यांनी माझी नाडी धरली. त्यांनी घड्याळ बघितलं.

“सभासद हो,” ते माइकवर म्हणाले, “वक्त्यांची नाडी एकशे अठरा. मॅडम, सकाळपासून किती कप?”

“चार,” मी म्हणाले. “त्यातला एक तुमचाच.”

शालनकाकूंच्या रांगेत टाळ्यांचा कडकडाट झाला. थर्मासवाली बाई उभीच राहिली. “बघा! तरण्याताठ्या पोरीची ही गत, मग स्प्रिंगवाल्याची काय होईल?” बळवंतरावांचं तोंड एवढंसं झालं. त्यांची मोजणारी बोटं मांडीवर तशीच उघडी राहिली. ती बोटं बघून मला कसंतरीच झालं. मला वाटलं, माझ्या एका थरथरीनं या माणसाची कॉफी जन्माची गेली.

“अहो, असं नाही!” मी ओरडले. “मी कॉफी आयुष्यात पहिल्यांदा प्यायले आज! माझ्या अंगाला सवयच नाही!”

मग जो गोंधळ झाला तो काय सांगू. “कॉफीवर भाषण आणि कॉफी पहिल्यांदा?” “पोहायला न येणाऱ्यानं विहिरीवर भाषण द्यावं तसं झालं!” कुंभोजे सरांनी शाळेतल्यासारखी टेबलावर पट्टी आपटली. डॉक्टर मात्र मनापासून हसत होते.

“बरोबर बोलतेय ती,” ते म्हणाले. “सवय नसलेल्याला अशीच चढते, आणि चार कप कुणालाही एका सकाळी जास्तच. ही बाई फायदे आणि तोटे दोन्ही सोबत घेऊनच आलीय. आता निकाल द्या मॅडम. बळवंताचे सगळे कागद मी बघितलेत. प्रेशर ताब्यात आहे, छातीत धडधड नाही, रात्री झोपतो, घोरतो. त्याच्या हार्टच्या डॉक्टरनं मनाई केलेली नाही. त्याला एक कप चालेल की नाही?”

मी खाली बघितलं. एका रांगेत बळवंतराव टोपी काढून हातात धरून बसले होते. दुसऱ्या रांगेत शालनकाकू. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. पण मला जे माहीत होतं ते एकच होतं.

“चालेल,” मी म्हणाले. “एक कप चालेल.”

पुरुषांच्या रांगेत कुणीतरी शिट्टी मारली. सत्तरीच्या माणसाला अशी शिट्टी येते हे मला तोवर माहीत नव्हतं. बळवंतराव उभे राहून चहूबाजूंना नमस्कार करायला लागले.

“कुठं प्यायचा?”

शालनकाकू उठून उभ्या राहिल्या होत्या. लोक हसले.

“हसू नका. मी पोरीला विचारतेय. एक कप चालतो, मानलं. कुठं प्यायचा ते सांगा.”

“म्हणजे?” मी विचारलं.

“लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. चार वाजले की मी कॉफी करून ह्यांच्या हातात द्यायची. हे दोन घोट घ्यायचे, कप ठेवायचे आणि चपला घालायचे. चालले हॉटेलात. तिथं दोस्त, तिथं कॉफी, तिथं गप्पा. परत यायचे ते दिवे लागल्यावर. सुट्टीच्या दिवशी पण तेच, रिटायर झाल्यावर पण तेच. मी म्हणायची, असंल, माझ्याशी बोलायला काय असतंय माणसाला. कॉफी बंद झाल्यापासनं हे चारला घरात असतात. पायरीवर बसतात. माझ्यासंगं शेंगा निवडतात. कारखान्यातल्या गमती सांगतात, मला त्यातली एकसुद्धा ठाऊक नव्हती. माझा माणूस ह्या वयात घरी आलाय. आता तुम्ही म्हणतासा कॉफी चालेल. चालेल हो. पण मग हे चारला कुठं जाणार, ते सांगा.”

पुरुषांच्या रांगेतले बरेच जण आपापल्या पायांकडं बघत होते. बळवंतराव नमस्काराचे हात तसेच धरून उभे होते.

“शालन,” ते म्हणाले, “अगं…”

“तुम्ही गप्प बसा. मी हायकोर्टाला विचारतेय.”

मी टेबलावरच्या कार्डांकडं बघितलं. त्यांच्यावर यकृत होतं, पित्त होतं, लोह होतं. हे त्यात कुठंच नव्हतं. एरवी मी ‘हा तुमचा घरगुती प्रश्न आहे’ असं म्हणून खाली उतरले असते. पण त्या दिवशी माझ्या अंगात चार कप कॉफी होती, आणि समोर शालनकाकू उत्तराची वाट बघत उभ्या होत्या. दोन्ही एकत्र झालं की माणूस काय बोलेल याचा नेम नसतो.

“ऐका!” मी माइकवर गरजले. “बळवंतराव चौगुले. रोज एक कप. चारच्या ठोक्याला, म्हणजे रात्रीची झोप मोडणार नाही. घरीच, पायरीवर बसून. काकूंच्या हातची. आणि तो कप एकट्यानं प्यायचा नाही, दोघांत प्यायचा. अर्धा तुमचा, अर्धा काकूंचा!”

“मी पीत न्हाई,” शालनकाकू म्हणाल्या. “कधीच पीत न्हाई. आमच्यात बायका चहा पितात.”

“आमच्यातसुद्धा!” मी म्हणाले. “मी आज सुरू केली, तुम्हीही करा!”

हॉल टाळ्यांनी दणाणला. दोन्ही रांगा वाजवत होत्या. त्या गडबडीत बळवंतराव स्टेजच्या कडेशी आले आणि त्यांनी मला हळूच विचारलं, “घरचीच? शालनच्याच हातची?”

“काकूंच्याच हातची,” मी ठासून सांगितलं.

त्यांनी आवंढा गिळला. मला वाटलं, माणूस भारावून गेला.

नाडी खाली आल्याशिवाय मला एसटीत बसवायचं नाही असं डॉक्टरांनी फर्मान काढलं, म्हणून डॉक्टर आणि मी चौगुल्यांच्या घरी गेलो. निकालाची अंमलबजावणी लगेच व्हायला हवी असं काकूंचं म्हणणं पडलं. शेजाऱ्यांना दिलेला डबा त्यांनी स्वतः जाऊन परत आणला. मला लिंबू सरबत मिळालं आणि डॉक्टरांना ताक. आम्ही व्हरांड्यात बसलो. आत पातेलं चढलं.

बराच वेळ झाला. आतून उकळण्याचा आवाज येत होता आणि तो थांबत नव्हता. मग वास आला. जायफळ होतं, सुंठ होती, आणखी कसलं तरी मूळ असावं. सर्दी झालेल्या माणसाच्या उशाशी येतो तो वास होता. डॉक्टरांनी ताकाचा ग्लास नाकाशी धरला. मी बळवंतरावांकडं बघितलं. ते देवळात बसल्यासारखे खुर्चीत मांडी घालून बसले होते.

काकू बाहेर आल्या. एक कप, एक बशी. अगदी मोजून अर्धं अर्धं केलं होतं. कप त्यांनी नवऱ्याच्या हातात दिला आणि बशी घेऊन स्वतः पायरीवर टेकल्या. त्यांचे गाल लाल झाले होते. लग्नाला इतकी वर्षं झालेली बाई नव्या नवरीसारखी लाजत होती, आणि ते बघून मला रडूच आलं. कॉफीनं होत असेल म्हणून मी ते सरबतात बुडवून टाकलं.

बळवंतरावांनी डोळे मिटून घोट घेतला. गिळला. डोळे उघडले.

“झकास,” ते म्हणाले.

काकूंनी बशी ओठांना लावली. एक घोट घेतला आणि त्या तशाच थांबल्या. घोट तोंडातच होता. त्यांनी डॉक्टरांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग मोठ्या कष्टानं तो गिळला.

“ओ,” त्या म्हणाल्या.

“काय गं?”

“ही… आज बिघडलीया का?”

बळवंतराव कपात बघत राहिले.

“खरं सांगा. अशीच असती रोज?”

“अशीच असती.”

“लग्नापासनं?”

“पहिल्या दिवशी जायफळ जरा जास्त पडलं होतं.”

डॉक्टरांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.

“अवो, मग बोलला का न्हाई?” काकूंचा आवाज चढला. “सासूबाईंनी शिकवली तशी करत आले मी. एकदा तरी बोलायचं!”

“तू नवी आली होतीस. दाराआड उभी राहून बघत होतीस, मी काय म्हणतोय म्हणून. मी म्हणालो, झकास. एकदा झकास म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी कसं फिरायचं? आणि तिसऱ्या दिवशी? मग राहूनच गेलं.”

“म्हणून हॉटेलात?”

“तोंडाची चव जायला नको? एकदा तिथं गेलं की माणसं भेटायची, उठू द्यायची नाहीत. मला वाटायचं तुला कामं असतात, मी मध्ये मध्ये कशाला.”

काकू बशीकडं बघत बसल्या. बशीतली कॉफी काळीकुट्ट आणि दाट होती. त्या बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

“म्हणजे मला कंटाळून न्हाई?”

“तुला?” बळवंतरावांना ते खरंच कळलं नव्हतं असं दिसलं. त्यांनी कप वर धरून दाखवला. “तुला कंटाळलो असतो तर ह्याचे रोज दोन घोट घेतले असते होय?”

काकू एकदम हसल्या. नुसत्या हसल्या नाहीत, बशी खाली ठेवून पदर तोंडाला लावून हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बळवंतराव आधी भांबावले, मग तेही हसायला लागले. डॉक्टर तर केव्हाचे हसत होते. माझं काही विचारूच नका, माझ्या अंगात अजून तीन कप शिल्लक होते. इतकं सुखानं मी त्यापूर्वी कधी हसले नव्हते. गेटपाशी दोन शेजारणी येऊन उभ्या राहिल्या आणि कुणाला काय झालं म्हणून विचारायला लागल्या.

जरा वेळानं काकूंनी डोळे पुसले. उठून त्यांनी दोघांची कॉफी कुंडीत ओतली. मग त्या नवऱ्याच्या खुर्चीपाशी गेल्या.

“उठा.”

“का?”

“उठा म्हणते न्हवं.”

ते उठले. काकू त्या खुर्चीत बसल्या, मागं टेकल्या आणि पाय समोरच्या स्टुलावर ठेवले.

“इतकी वर्षं हॉटेलात बसून बघितलंय की कशी करतात ते. जावा आत. तुम्ही करा. मी बसते.”

“मी?” त्यांनी डॉक्टरांकडं बघितलं. “डॉक्टर, माझा आजचा कप झाला ना?”

“एका घोटाला कप म्हणत नाहीत,” डॉक्टर म्हणाले. “जा.”

बळवंतराव आत गेले. पातेल्याचा आवाज झाला, मग झाकण पडल्याचा, मग बराच वेळ काहीच नाही. एकेक डबा उघडून लावल्यासारखं ऐकू यायला लागलं.

“शालन,” आतून हाक आली, “साखर कुठं ठेवतीस गं?”

काकूंनी स्टुलावरचे पाय जरा सैल केले. उठल्या मात्र नाहीत.

“हुडका,” त्या म्हणाल्या.